चोवीस सेंटिमीटरवरचा देव

सन २०२५ नुकतंच लागलं होतं आणि आधार कार्डाच्या म्हणण्याप्रमाणं माझं वय बहात्तर होतं. त्या वर्षीच्या पहिल्या रविवारी म्या घरातली सगळी माणसं जीपमध्ये घालून एकशे वीस किलोमीटर लांब, ठरल्या मिनिटाला, देवाच्या दारात नेऊन उभी केली. किलोमीटर बरोबर आले. घड्याळ बरोबर आलं. फक्त देव तिथं नव्हता.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर आधी चहाचं सांगावं लागंल.

आमची मंडळी गोदावरी. दिवसातून सहा वेळा चहा पिणारी बाई. पण धाकट्या बालाजीचं लगीन काय केल्या जमंना. पोरगा पुण्यात कंपनीत, पगार बरा, तरी तेहतीस वर्षांचा घोडा बिनलग्नाचा. तेव्हा गोदानं एका सकाळी भरला कप खाली ठेवला आणि खंडोबाला बोलली की, बालाजीचं लगीन होऊ दे, जोडी तुझ्या पायाशी आणून तळी भरीन, तवर चहाला शिवणार न्हाय.

(तळी भरणं म्हणजे ताम्हणात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवायचा आणि पाच जणांनी ते ताम्हण धरून देवाच्या नावानं तीनदा उचलायचं. आमच्या घरात लगीन झालं की हे पाहिजेच.)

नवस बोलली ती एकटी, पण भोगला सगळ्या घरानं. चौदा महिने! तिला वाससुद्धा सोसंना म्हणून घरात चहाची पत्तीच बंद. माणूस चहाविना किती बोलू शकतं ते म्या त्या चौदा महिन्यांत ऐकलं. भाकरी वाढताना बोलायची, झाडताना बोलायची, मी झोपलो तरी बोलायची. मी फाट्यावरच्या हॉटेलात लपून चहा प्यायचो आणि घरी येताना बडीशेप चघळायचो. एखादा दारुडासुद्धा एवढी काळजी घेत नसंल. तरी उंबऱ्यात पाय ठेवला की ती म्हणायची, "आज आलं घातलं होतं वाटतं."

शेवटी मार्गशीर्षात बालाजीचं लगीन झालं. सून पूजा चांगली मिळाली. पण त्याची सुट्टी संपत आली. सोमवारी कंपनीत हजर व्हायचं, म्हणून रविवारी चारच्या गाडीनं नळदुर्गाहून नवरानवरी पुण्याला जाणार. नळदुर्ग हायवेवर हाय आणि आमचा खंडोबा त्याच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर, अणदूरला. म्हणजे तळी रविवारीच, आणि चारच्या आत. न्हाय झाली तर पुढची सुट्टी उन्हाळ्यात, आणि तवर आमच्या घरात चहा न्हाय. आता कळलं, माझं काय पणाला लागलं होतं ते?

त्याच आठवड्यात नेमकं मला शाळेतून बोलावणं आलं.

आमचं गाव कळंबजवळ. शाळा घरापासून दोनशे पावलांवर. माझी नात स्वरा, थोरल्या दत्ताची पोरगी, तिथं चौथीत हाय. तिच्या मॅडम लातूरकडच्या, नव्या बदलून आलेल्या. त्यांचं म्हणणं असं की, गणित पुस्तकात नसतं, गावात असतं. म्हणून त्या गावातल्या माणसांना वर्गात बोलवायच्या. दूधवाला येऊन लिटर सांगून गेला, शिंपी येऊन इंच सांगून गेला. मग मॅडम आमच्या दारात आल्या. "अण्णा, तुम्ही मोंढ्यात तीस वर्षं मापाडी होता. मुलांना रोजच्या जगण्यातले आकडे सांगा."

माझं शिक्षण तिसरी. पास का नापास ते विचारू नका. (विचारलंच तर सांगतो, परीक्षेच्या दिवशी म्हैस व्याली.) पण कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, म्या जेवढी ज्वारी मापली तेवढी वाळू नदीत नसंल. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, पावापासनं साडेतीनपर्यंतचे सगळे पाढे तोंडपाठ. आमच्या पुढं कॅल्क्युलेटर लाजायचा. तेव्हा धुतलेलं धोतर नेसलो, लग्नातला फेटा बांधला आणि चौथीच्या वर्गात अशा ऐटीत शिरलो की दोन पोरं पाया पडली.

पहिला अर्धा तास लई झकास गेला. म्या पोरांना मापायला शिकवलं. मापाडी कधी 'एक' म्हणत न्हाय, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. पोरांना हे इतकं आवडलं की त्यांनी पाढेसुद्धा 'लाभ'चे म्हणले. एका पोरानं घरी जाऊन सांगितलं की, आपल्याकडं शेळ्या तीन आणि म्हैस लाभ. मग म्या विचारलं, "सोळा सवाया किती?" मॅडमनी हळूच मोबाईल उघडला. म्या छाती फुगवून म्हणलं, "वीस!" तिथंच थांबून घरी आलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता.

मॅडमनी पोरांना सांगितलं की, आज अण्णांना कुठं जायचंय ते आपण नकाशावर मोजू. खाली लिहिलं होतं, एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. मॅडमनी माझ्या हातात दोरा दिला. आता दोरा म्हणलं की ताणायचा, हे कुणालाबी कळतं. म्या आमच्या गावावर एक बोट ठेवलं, अणदूरवर दुसरं, आणि दोरा विण्याच्या तारंसारखा ताणला. सगळा वर्ग हसाय लागला.

"अण्णा," स्वरा म्हणली, "तुमची जीप धरणातनं चालली."

बघतो तर दोरा चार डोंगर, तीन नद्या आणि एका धरणावरनं सरळ गेलेला. मॅडमनी समजावलं की दोरा रस्त्यावरनं वळवत न्यायचा असतो. मला ते ठाऊक होतं. (नव्हतं.) मग येरमाळा, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग असं करत, बोटानं दाबत दाबत दोरा अणदूरला नेला आणि पट्टीवर धरला. चोवीस सेंटिमीटर. "चोवीस पाचे वीसाशे!" मी गरजलो. एकशे वीस किलोमीटर.

पुढं फळ्यावर सगळं मांडलं. जीप तासाला चाळीस किलोमीटर चालती, म्हणजे तीन तास. धाराशिवात गर्दीची दहा मिनिटं, तुळजापुरात पंधरा. सव्वाआठला निघायचं, अकरा चाळीसला पोचायचं. खोबरं-भंडारा घ्यायला वीस मिनिटं. बाराला तळी. बारा वाजून दहा मिनिटांनी गोदा चहा पिणार. हे शेवटचं म्या फळ्यावर लिहिलं न्हाय, पण मनात अधोरेखित केलं.

आता त्या मॅडमची एक खोड होती. गणित फळ्यावर पडलं की सोडवायच्या आधी त्या पोरांना विचारायच्या, "यात काय सांगितलेलं नाही?" आमच्या वेळी जे सांगितलंय तेच झेपत नव्हतं, जे सांगितलं न्हाय ते विचारणार कोण? पण पोरं सवयीची. एकानं विचारलं, जीपमध्ये डिझेल हाय का. हाय म्हणलं. दुसऱ्यानं विचारलं, वाटंत जेवायला किती वेळ. म्हणलं, दशम्या गाडीतच खायच्या. मग स्वरानं हात वर केला.

"अण्णा, देव तिथं असतो का?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघाय लागला. म्या फेटा सारखा केला आणि म्हणलं, "देव कुठं जाणार? त्याची काय तुमच्या मॅडमसारखी बदली होती व्हय?"

मॅडमसुद्धा हसल्या. तेवढ्यानं मला अजून चेव चढला. म्या भर वर्गात जाहीर केलं की, रविवारी अकरा चाळीसला मी देवापुढं उभा न्हाय ऱ्हायलो, तर सोमवारी सकाळी या वर्गात पोरांच्या मागं सतरंजीवर येऊन बसतो, दप्तर घेऊन. पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्वरानं ते वहीत लिहून घेतलं. त्या पोरीला सगळं लिहून घ्यायची लई वाईट सवय हाय.

शनिवारी गोदा म्हणली की, एकदा पुजाऱ्याला फोन करून विचारा. म्या तिला दोरा दाखवला.

रविवारी सव्वाआठला निघालो. आठ चौदालाबी न्हाय, आठ सोळालाबी न्हाय. जीप भाड्याची, ड्रायव्हर बबन गावातलाच, आणि आमी सात जण: मी, गोदा, दत्ता, थोरली सून, स्वरा, बालाजी आणि नवी सून पूजा. मी पुढं, हातात स्वराच्या अक्षरातलं टाइमटेबल. येरमाळ्याला बबन म्हणला, येडेश्वरीचं दर्शन घेऊ. म्या टाइमटेबल बघितलं. त्यात येडेश्वरी नव्हती. गाडीतनंच हात जोडा म्हणलं. तुळजापुरात पंधरा मिनिटं धरली होती ती गर्दीतनं गाडी काढण्यात गेली. तिथंबी गाडीतनंच हात जोडले. गोदा माझ्याकडं अशी बघत होती की भवानीआईनं बघितलं नसंल. नव्या सुनंला उलटी आली, तिची दोन मिनिटं म्या बबनला वेग वाढवून भरून काढायला लावली.

आणि आलं नळदुर्ग. बघतो तर रस्त्याला ही गर्दी! माणसांची कपाळं भंडाऱ्यानं पिवळी, अंगरखे पिवळे, एका म्हाताऱ्याची मिशीसुद्धा पिवळी. वाघ्या-मुरळी, डफ, सगळं. बबननं गाडी हळू केली. "अण्णा, आत घ्यायची ना?"

"कशाला? किल्ला बघायला? सरळ घे, अकरा बत्तीस झालेत."

"अण्णा, हे लोक..."

"ते दर्शन घेऊन परत निघालेत. म्हणजे तिकडं किती गर्दी असंल बघ. दाब."

बबननं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टाइमटेबलकडं, आणि दाबली. पुढं तो म्हणला की, मला वाटलं अण्णांचं काहीतरी गणित असंल.

अकरा चाळीस. घड्याळात बघा हवं तर. अकरा चाळीसला जीप अणदूरच्या खंडोबाच्या दारात उभी. मी खाली उतरलो, फेटा बांधला आणि सगळ्यांकडं बघून नुसतं घड्याळावर बोट ठेवलं. दत्तासुद्धा म्हणला, मानलं अण्णा. त्या एका मिनिटासाठी मी बहात्तर वर्षं जगलो होतो असं वाटलं.

मग ध्यानात आलं की दुसरी एकबी गाडी तिथं न्हाय. रांग न्हाय, डफ न्हाय. पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. एक म्हातारी खराट्यानं अंगण झाडत होती. तिला विचारलं, देवाचं दर्शन कधी.

"देव न्हाय की इथं."

"म्हंजे?"

"नळदुर्गाला गेलाय. दरसालच जातो की या दिसांत. पावणेदोन म्हैने तिकडं, बाकी इकडं. तुमी कुठले म्हणायचे?"

म्या गावाचं नाव सांगितलं न्हाय. लातूरकडचे म्हणलो.

आता खरं सांगतो. हे मला ठाऊक नव्हतं असं न्हाय. दोन गावं, दोन देवळं आणि मूर्ती एक, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक हाय. माझा बाप लहानपणी सांगायचा की, आपला देव वर्षातनं एकदा पालखीत बसून नळदुर्गाला जातो आणि मुक्काम करून परत येतो. पण आमी दरसाल यायचो चैत्रात, रास झाल्यावर, आणि चैत्रात देव अणदुरातच. पन्नास वर्षं घरीच भेटलेला माणूस एखाद दिवशी गावाला गेला असंल असं कुणाच्या डोक्यात येतं? त्यातनं माझ्या डोक्यात त्या आठवड्यात सेंटिमीटर भरले होते. आणि मला सगळ्यात काय लागलं असंल, तर त्या म्हातारीचं 'पावणेदोन'. सवायकी-दिडकी शिकवणारा मी, आणि मला पाऊण हिशेब खराटा घेतलेल्या बाईनं शिकवला!

जीपकडं परत गेलो. सगळे बघत होते. स्वरानं वही उघडली होती. म्या गोदाला म्हणलं, "हे बघ, चूक लई मोठी न्हाय. फक्त एका सेंटिमीटरची हाय."

गोदा काही बोलली न्हाय. चौदा महिन्यांत पहिल्यांदा काही बोलली न्हाय. मला त्याची जास्त भीती वाटली.

परत नळदुर्ग. आता आमी त्याच पिवळ्या गर्दीत, पण शेपटाला. बारा पंचवीस झाले होते, बाराची आरती होऊन गेली होती आणि रांग देवळापासून पार रस्त्यापर्यंत. स्वरा रांगेच्या कडंनं पुढं पळत गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. दारातनं मिनिटाला सहा माणसं आत सोडतात, तिनं मोजली होती. आपल्या पुढं सहाशेच्या आसपास, तीबी दहा-दहाचे गट करून मोजली होती. "म्हणजे शंभर मिनिटं, अण्णा. सव्वादोनला आपला नंबर. मॅडमनी शिकवलंय."

मी हसलो. रोजच्या आकड्यांचं गणित तीस वर्षं केलेला माणूस मी, चौथीतल्या पोरीचं ऐकतोय व्हय? म्हणलं, मागनं एखादी वाट असणारच. देवळाच्या बाजूनं आडवं गेलं की सरळ मंडपात. तुमी ऱ्हावा रांगेत, मी वाट बघून येतो.

हो, तोच तो. ताणलेला दोरा.

वाट होती. झुडपातनं गेली, काट्यातनं गेली, एका शेताच्या बांधावरनं गेली, आणि मला पार नदीच्या अंगाला उतरवून संपली. फेटा बाभळीला अडकला तो सोडवण्यात वीस मिनिटं गेली. धोतराचं सांगत न्हाय. वर चढून आलो तर पुढं देवळाचं दार दिसलं. आनंद झाला. आत पाय टाकला तर स्वयंसेवकाच्या पट्ट्यातल्या एका पोरानं काठी आडवी धरली. हे बाहेर पडायचं दार होतं. म्हणलं, माझी माणसं पुढच्या दारात हायेत. तो म्हणला की, बाबा, सगळ्यांची माणसं पुढच्या दारातच असतात, मागं जाऊन रांग धरा.

मागं गेलो. माझी माणसं पार पुढं निघून गेलेली, मधी काठ्या बांधलेल्या, आणि गर्दीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. मोबाईल जीपमध्ये. मुकाट्यानं शेपूट धरलं. पावणेदोन झाले होते. (पुन्हा पावणेदोन!) पुढची माणसं मोजाय लागलो, लाभ, दोन, तीन, आणि सहानं भाग दिला. स्वराच्या रीतीनं. तीन वाजून दहा मिनिटं आली.

आणि तेव्हा मला खांद्यावरची पिशवी जाणवली. घरनं आणलेलं ताम्हण, पानं, सुपारी आणि रांगेला लागताना घेतलेलं खोबरं, भंडारा, सगळी तळी माझ्याच पिशवीत होती. घरचा कर्ता म्हणून दुसऱ्या कुणाच्या हातात म्या दिलीच नव्हती.

तो दीड तास मी काय सांगू? पुढं माझी माणसं सव्वादोनला देवाच्या दारात पोचणार, आणि हातात काही न्हाय. चारला पुण्याची गाडी. पुढं उन्हाळ्यापर्यंत चहा न्हाय. रांगेत माझ्या पुढं एक बाई पोराला सांगत होती, जरा धीर धर, देव काय पळून चाललाय का. म्या तोंड फिरवलं.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी दाराशी पोचलो. उंबऱ्याच्या अलीकडं, कठड्याला धरून, गोदा उभी होती. तिच्या मागं दत्ता, त्याची बायको, बालाजी, पूजा, बबन, स्वरा. सव्वादोनलाच त्यांचा नंबर आला होता, पोरीचं एक मिनिटबी चुकलं न्हाय. पण गोदा आत गेली न्हाय. मागच्याला म्हणायची, तुमी व्हा पुढं. मग त्याच्या मागच्याला, तुमी व्हा. तासभर ती गुडघे दुखणारी बाई अशी एकेकाला वाट देत उभी ऱ्हायली होती. दत्ता म्हणत होता, दुकानातनं दुसरं ताम्हण आणू, अण्णा कुठं गेलेत काय ठाऊक. ती म्हणली होती की, घरचा माणूस आल्याबिगर तळी उचलायची नसती.

मी पुढं गेलो. धोतर फाटलेलं, फेट्यात बाभळीचा काटा. वाटलं आता बोलंल. तिनं फक्त विचारलं, "किती वाजले?"

आत गेलो. मी, दत्ता, बालाजी, बबन, चार झाले. पाचवा रांगेतला एक अनोळखी पावणा धरला. ताम्हण उचललं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" तीनदा. भंडारा उधळला, तो निम्मा माझ्याच तोंडात गेला. देवाकडं बघितलं. मला तर देव गालात हसतोय असं वाटलं.

मग पळत बाहेर. देवळासमोरच चहाची टपरी होती. चारला वीस कमी. म्या स्वतः जाऊन कप आणला, आल्याचा, साखर जास्त, आणि गोदाच्या हातात दिला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत उभे. चौदा महिने! तिनं बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. पूजा घाबरली. मग डोळे उघडून गोदा म्हणली, "पाणचट हाय." आणि दुसरा मागितला. आणि तिसरा.

नवरानवरी चारच्या गाडीत बसली. गाडी हलताना पूजा खिडकीतनं हळूच म्हणली, "अण्णा, पुण्याला याल तेव्हा आधी फोन करा." तिचं लगीन होऊन महिना झाला नव्हता.

परतीच्या वाटंला तुळजापुरात थांबून आईचं दर्शन घेतलं, येरमाळ्यातबी उतरलो. म्या कुणाला घड्याळ विचारलं न्हाय. बबन मधीच हसायचा आणि खोकला आल्यासारखं करायचा. मी पैजेचा विषय काढला. म्हणलं, अकरा चाळीसला पोचायचं ठरलं होतं, अकरा चाळीसला पोचलो, म्हणजे पैज मी जिंकली. स्वरानं मोबाईलच्या उजेडात वही उघडून वाचून दाखवलं, "अकरा चाळीसला देवापुढं उभा नाही राहिलो तर." 'देवापुढं'च्या खाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. दत्ता म्हणला की, अण्णा, तुमी कुत्र्यापुढं उभे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात चौदा महिन्यांनी चहाचा वास आला. गोदानं कप माझ्यापुढं ठेवला आणि शेजारी स्वराचं जुनं दप्तर ठेवलं. आत पाटी, पेन्सिल आणि चोवीस सेंटिमीटरचा तो दोरा. दिलेला शब्द मोडायची आमच्याकडं रीत न्हाय. चहा संपवला, दप्तर खांद्याला लावलं, उंबऱ्यात आलो. शाळा तिथनं सरळ दिसती, दोनशे पावलं, मधी धरण न्हाय का नदी न्हाय.

तरी म्या आधी खिशातनं मोबाईल काढला, मॅडमला फोन लावला आणि विचारलं, "मॅडम, शाळा आज शाळेतच हाय ना?"